शंकरपाळी, खोकं आणि पाणी प्यायचा पेला

ओझरच्या जवळ, द्राक्षबागांच्या मधोमध असलेल्या एका शाळेत मी शिकवते. पहिली ते सातवीचे वर्ग, मागच्या बाजूला पॅकिंगची शेड आणि अधूनमधून डोक्यावरून एचएएल ह्या विमान कंपनीच्या धावपट्टीवरून उठलेलं विमान. सगळ्या विषयांत मला भूमिती शिकवायला जास्त आवडते, कारण आकारांच्या बाबतीत मुलांकडे आधीच पुष्कळ काही असतं आणि ते बाहेर येताना बघायला मिळतं. त्यातलं थोडं इथे मांडते. क्रम आठवेल तसा लावला आहे. मुलांबरोबर बसलात तर तुमचा क्रम वेगळा निघेल.

१. आकाराचं नाव येतं पटकन, आकार कळायला मात्र वर्षं लागतात. दुसरीतल्या मुलाला पुठ्ठ्याचा चौरस दाखवा, तो बरोबर सांगतो. तोच चौरस त्याच्यासमोर एका कोपऱ्यावर उभा धरा, लगेच मान हलते. ‘आता हा चौरस नाय मॅडम, पतंग झाला.’ बाजू मोजायला लावल्या, चारही सारख्या भरल्या. कोपऱ्यांना गुण्या लावला, चारही काटकोन निघाले. तरी त्याचं म्हणणं तेच: ‘आधी होता, आता नाय.’ ह्यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. त्याच्या लेखी आकार म्हणजे जसा दिसतो तसा, आणि दिसणं तर खरंच बदललं.

पिएर आणि दिना व्हॅन हिले ह्या डच शिक्षक जोडप्याने १९५७ साली युट्रेक्ट विद्यापीठात ह्याच विषयावर प्रबंध लिहिले. दिना लवकरच गेल्या, पुढची मांडणी पिएर यांनी केली. त्यांचं सांगणं असं, की मूल आधी आकाराचं एकूण रूप पाहतं, मग त्याचे गुणधर्म सुटे करून सांगू लागतं, आणि त्यानंतर कधीतरी एका गुणधर्मातून दुसरा निघतो हे त्याच्या लक्षात येतं. ह्या पायऱ्या वय वाढलं म्हणून चढल्या जात नाहीत. मुलाला काय काय करायला मिळालं त्यावर त्या अवलंबून असतात. मला हे वाचून मोठा धीर आला. वर्गात जे रोज दिसत होतं ते फार दूरवरच्या दोघा शिक्षकांनीही पाहिलं होतं.

२. शंकरपाळीच्या चारही बाजू सारख्या का येतात, हा प्रश्न आमच्या गल्लीतल्या चौथीतल्या एका मुलीने विचारला, तोवर तो मला कधी पडलाच नव्हता. दिवाळीआधी माझ्या स्वयंपाकघरात दोन-चार पोरं हमखास असतात, कडेचे तुकडे तळून झाले की आधी त्यांच्या हातावर पडतात म्हणून. त्या दिवशी तिने कातण माझ्याकडून मागून घेतलं. जाडसर लाटलेल्या पोळीवर आधी सरळ रेघा ओढल्या, मग तिरक्या. पोळी जरा घट्ट होती, कातण फिरताना कडा नक्षीदार उठत होत्या. पुढच्या पोळीवर तिने तिरक्या रेघा आणखी तिरप्या ओढल्या आणि म्हणाली, ‘काकू, ही लांबुडकी झाली, पण बाजू बघा. तरी सारख्याच.’ तिने पट्टी आणली, पिठाच्या हाताने मोजलं. खरंच होतं.

मग आम्ही तळणं थांबवून विचार केला. कागदाच्या सारख्या रुंदीच्या दोन पट्ट्या घेतल्या आणि एकीवर दुसरी आडवी ठेवली. जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे चौकोन तयार होतो. वरची पट्टी हळूहळू फिरवली तर चौकोन निमुळता होत जातो, पण त्याच्या चार बाजू एकमेकींची साथ सोडत नाहीत. एक पट्टी रुंद घेतली की मात्र समोरासमोरच्या बाजूच तेवढ्या सारख्या उरतात, शेजारच्या बिघडतात. म्हणजे भानगड सगळी रुंदीत. समांतरभुज चौकोनाचं क्षेत्रफळ म्हणजे पाया गुणिले उंची. ह्या चौकोनाला कोणत्याही बाजूने पाहिलं तरी उंची तीच, पट्टीच्या रुंदीइतकी, आणि क्षेत्रफळ तर एकच. मग पाया वेगळा येईलच कसा? हे तिला चौथीत सगळं कळायची गरज नव्हती. ‘पट्ट्या सारख्या असल्या की बाजू सारख्या येतात’ एवढं तिचं तिने सांगितलं, आणि ते पूर्ण बरोबर होतं. कातण नेमकं तेवढंच करतं, दोन्ही दिशांना सारख्या रुंदीच्या पट्ट्या पाडतं.

शिवाय कडेला जे उरलं त्यात त्रिकोण होते, समलंब चौकोन होते. तिने तेही वेगळे काढून ताटात लावले. अशा वेळी मी अगदी गप्प बसते. मुलाने स्वतःहून वर्गवारी सुरू केली की मोठ्या माणसाच्या एका वाक्याने ती थांबते, हे मी अनेकदा पाहिलंय.

३. पतंग उडवणाऱ्या मुलाला सममिती शिकवावी लागत नाही. आमच्या जिल्ह्यात संक्रांतीच्या पतंगांचं वेड येवल्याचं. तिथली आसारी (मांज्याची फिरकी) आणि गच्च्यांवरचा गलका ऐकून सगळ्यांना ठाऊक आहे. ओझरची पोरंही त्या दिवसांत गच्चीवरच असतात. कागदाचा जवळजवळ चौरस तुकडा, त्याच्या एका कर्णावर उभी कामटी, दुसऱ्या कर्णावर वाकवलेली कमान. पतंग एका अंगाला कलत राहिला तर पोरं हलक्या बाजूला कागदाचा चिटोरा किंवा चिंधी बांधतात. उभ्या कामटीच्या दोन्ही अंगांना सारखंच असायला हवं, हे त्यांना बोटांनी माहीत असतं. पुढे आठवीच्या पुस्तकात ‘पतंग’ नावाचा चौकोन येतो, एक कर्ण दुसऱ्याला काटकोनात दुभागतो असा, तेव्हा ह्याच मुलांना तो नवा वाटतो. दोन्हींच्या मधे कुणीतरी बोट ठेवून दाखवायला हवं. मी सहावीतच ठेवते.

४. त्रिकोण ढळत नाही. हे वाक्य पाठ करून काहीच होत नाही, चौकोन ढळताना हातात असावा लागतो. अरविंद गुप्तांनी १९७८ च्या सुमारास होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे तुकडे जोडून आकार बनवायला सुरुवात केली. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून त्यांची खेळणी महाराष्ट्रभर पोचली. त्यांच्या एवढ्या सगळ्या खेळण्यांत माझं सर्वांत लाडकं हेच. आमच्याकडे सायकल दुरुस्तीच्या दुकानात ही नळी वीतभर मागितली तर काका पैसे घेत नाहीत.

तीन काड्यांचा त्रिकोण करा, दाबा, तो जागचा हलत नाही. चार काड्यांचा चौकोन करा, दाबा, तो आडवा पडतो. काड्या त्याच, लांबी तीच. मी मुलांना विचारते, ‘चौकोन पडला तेव्हा बदललं काय?’ पहिलं उत्तर येतं, कोपरे. बरोबर. पण एकदा एक मुलगा दोरा घेऊन बसला आणि समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं अंतर मोजत राहिला. चौकोन आडवा होताना एक दोरा वाढतो, दुसरा आखडतो. मग त्याने एका कर्णावर पाचवी काडी बसवली. चौकोन तिथेच पक्का झाला, कारण आता ते दोन त्रिकोण होते.

त्यानंतर मुलांना हाच प्रकार सगळीकडे दिसू लागला. शेताच्या फाटकावरची तिरपी पट्टी. पत्र्याच्या शेडची कैची. द्राक्षबागेत ओळीच्या टोकाचा खांब तारांच्या ओढीने आत झुकू नये म्हणून बाहेरून दिलेला ताण. खांब, ताण आणि जमीन मिळून काटकोन त्रिकोण. बागायतदाराच्या मुलाने तो वहीत काढून आणला. घरी बापाला विचारलं तर बाप म्हणाला, ‘तो नसला तर मांडव बसंल की खाली.’ एका ओळीत सगळं प्रमेय.

५. कर्ण हा पुस्तकातला सर्वांत दुर्लक्षित आणि बांधकामावरचा सर्वांत मानाचा भाग आहे. शाळेच्या नव्या खोलीचं काम चालू होतं तेव्हा मुलं गवंडीदादांपाशी उभी राहायची. ते म्हणाले, ‘समोरासमोरच्या बाजू जुळल्या म्हणजे खोली काटकोनात आली असं नाही. कर्ण जुळला पायजे.’ मग त्यांनी सुतळीने दोन्ही कर्ण ताणून दाखवले. दोन बोटांचा फरक होता, खुंटी सरकवली. कोपरा काढायचा तर एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट खूण करायची आणि मधलं अंतर पाच फूट भरेपर्यंत दोरी हलवायची. पूर्वी यज्ञवेदी आखायलाही दोरी आणि खुंट्याच वापरत, आणि आयताच्या कर्णावरच्या चौरसात दोन्ही बाजूंवरचे चौरस मावतात हे बौधायनाच्या शुल्बसूत्रात आलेलं आहे. गवंडीदादांना ते वाचायची गरज पडलेली नाही. त्यांच्या हातातली दोरी तेच सांगते.

मुलांनी मग फळा मोजला, टेबल मोजलं, खिडक्या मोजल्या. जुनी एक खिडकी कलती निघाली. तिचं दार का अडकतं, ते त्या दिवशी कळलं.

६. घनाकृती समजायच्या असतील तर त्या आधी आडव्या पसरलेल्या बघायला मिळाल्या पाहिजेत, आणि ह्या बाबतीत निफाड तालुक्यातली मुलं फार भाग्यवान आहेत. जानेवारी ते एप्रिल पॅकिंगच्या शेडमध्ये पुठ्ठ्याच्या खोक्यांचे गठ्ठे येतात ते सपाट. घड्या पाडलेल्या, खाचा दिलेल्या, एकावर एक रचलेल्या. शेडवर काम करणाऱ्या बायका तो पुठ्ठा उचलतात, दोन हात फिरतात आणि खोकं उभं. पाचवीच्या पुस्तकात ‘घडणी’ असा पाठ आहे. पुस्तकातल्या घडणीकडे बघून कुठली बाजू कुठे येईल हे सांगताना मुलं अडखळतात. पण जिची आई शेडवर जाते अशा एका मुलीला मी सपाट खोकं दिलं, तर तिने न दुमडता, नुसतं बोट ठेवून सांगितलं: ‘हे बूड, ह्या दोन लांब बाजू, ह्या आखूड, आणि ही पानं आत जातात.’

ती ‘पानं’ महत्त्वाची. पुस्तकातल्या घडणीत एक पृष्ठ एकदाच येतं. खऱ्या खोक्यात पुठ्ठा पुठ्ठ्यावर चढतो, नाहीतर वजन पेलणार नाही. तिने विचारलं, ‘मग पुस्तकातलं खोकं द्राक्षं भरली की फुटंल ना?’ फुटेल. गणितातली घडण फक्त पृष्ठं मोजते, भार मोजत नाही, हे मी तिला सांगितलं. तिला ते पटलं, पण फारसं आवडलं नाही.

त्यावरून आम्ही वरून उघड्या खोक्याचा खेळ सुरू केला. पाच सारखे चौरस कडेला कडा जोडून किती तऱ्हांनी मांडता येतात? फिरवून किंवा उलटवून एकच होणारे आकार एक धरले तर बारा. त्यांतले आठ दुमडून उघडं खोकं होतं, चार होत नाहीत. कुठले चार, हे मुलांनी कापून, दुमडून शोधलं. पाचही चौरस एका रांगेत असले तर नाही, हे सगळ्यांना लगेच कळलं. चार चौरसांचा ठोकळा आणि त्याला एक जोडलेला, हाही नाही. कारण चार चौरस एका कोपऱ्यात भेटले की तिथे दुमडायला जागाच उरत नाही. हे कारण एका मुलाने दोन बोटांनी कागद चिमटीत धरून दाखवलं, शब्दांत सांगितलं नाही. मला पुरलं. सहा चौरस घेऊन पूर्ण घन करायचा तर पस्तीस मांडण्यांतल्या अकराच चालतात. ती अकराची यादी वर्गाच्या भिंतीवर लावली आहे. शेवटची मांडणी सापडायला फार वेळ लागला आणि ती मी सांगितली नाही, ह्याचं मला आजही समाधान आहे.

७. डोळे मिटले की मुलं आकाराचं वर्णन जास्त चांगलं करतात. कापडी पिशवीत वस्तू टाकायची, हात घालून सांगायचं. ‘एकच टोक टोचतंय, खाली गोल चपटं.’ ‘कुठंच धार नाही.’ नाव सांगायला बंदी. पाच मिनिटांचा खेळ, पण शिरोबिंदू, कडा, पृष्ठ ह्या तिन्ही गोष्टी त्यात हाताला लागतात.

८. शंकूबद्दल मुलं मला जे विचारतात त्याला अर्धं कारण आमचं गावच आहे. १९६४ साली इथे मिग विमानांसाठी कारखाना उभा राहिला आणि गावाचं नावच ‘ओझर मिग’ पडलं. मिग-२१ हे विमान म्हणजे घनाकृतींची उजळणी. लांब वृत्तचिती, त्रिकोणी पंख, पुढे गोल तोंड आणि त्या तोंडात बसवलेला शंकू. आवाजाहून जास्त वेगाने जाताना हवेची धक्कालाट त्या शंकूच्या टोकापासून पसरते. शंकू पुढेमागे सरकवून इंजिनात जाणारी हवा आवरली जाते. हे मला वर्गातल्या एका मुलाच्या आजोबांकडून कळलं. ते कंपनीतून निवृत्त झालेले. २६ सप्टेंबर २०२५ ला वायुदलाने मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा ते गप्प होते असं नातवाने सांगितलं. पुढच्याच महिन्यात, १७ ऑक्टोबरला, इथे तयार झालेल्या तेजस एमके-१ए ने ओझरवरून पहिलं उड्डाण केलं. ‘ह्याचेपण पंख त्रिकोणीच आहेत,’ नातवाने नोंद केली.

शंकू आणि वृत्तचिती यांतला फरक कळायला मात्र विमान लागत नाही, पाणी प्यायचा स्टीलचा पेला पुरतो. खडू फरशीवर घरंगळवा, तो सरळ जातो. पेला आडवा करून ढकला, तो वळतो, आणि अडवला नाही तर पूर्ण फेरी मारून जागेवर येतो. मुलांनी खडूने त्याच्या तोंडाची वाट आखली. चांगलं मोठं वर्तुळ झालं. का वळला? तोंड मोठं आहे, बूड लहान. एका फेरीत तोंडाला जास्त अंतर जावं लागतं, बुडाला कमी. हे त्यांनीच काढलं.

त्यानंतर जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. एकीने विचारलं, ‘वर्तुळाच्या मधोमध काय आहे?’ आम्ही दोरीने मध्य शोधला, पेला वाटेवर ठेवला आणि पेल्याची वरची व खालची तिरकी कड पट्टीने पुढे वाढवत नेली. दोन्ही रेघा मध्यावर जाऊन भेटल्या. पेला म्हणजे टोक कापलेला शंकू, आणि न बनलेलं टोक नेमकं तिथे होतं. तोंडाचा व्यास ७ सेंटिमीटर, बुडाचा ५ आणि तिरकी उंची १० असेल तर तोंडाची वाट ३५ सेंटिमीटर त्रिज्येची येते. ‘म्हणजे पेल्याचं टोक इथं आहे, फक्त तिथपर्यंत पेला केलाच नाही.’ हे वाक्य बोलणारी मुलगी वर्गात सहसा बोलत नाही. जे समोर नाही त्याची जागा दाखवता येते, ही भूमितीची ताकद मला माहीत होती. ती सहावीतल्या मुलीच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला.

९. नियम सापडल्याचा आनंद मोठा, पण नियम कुठे मोडतो ते शोधायला मुलं जास्त उत्साहाने धावतात. लिओनार्ड ऑयलरने १७५० साली गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रात एक गोष्ट नोंदवली: सपाट पृष्ठांच्या घनाकृतीत पृष्ठं आणि शिरोबिंदू मिळवून त्यातून कडा वजा केल्या की दोन उरतात. घनात ६ आणि ८, कडा १२; उरले दोन. त्रिकोणी चितीत ५ आणि ६, कडा ९, उरले दोन. सातवीच्या मुलांनी खोकी, पुठ्ठ्याच्या सूची, खोडरबर, औषधाची वेष्टनं, जे मिळेल ते मोजलं. दोन, दोन, दोन.

मग एकाने घरून जुनी फोटोफ्रेम आणली, काच आणि मागचा पुठ्ठा काढलेली. मागची खाच सोडून द्यायची असं ठरलं. तिचे कोपरे तिरपे जोडलेले होते आणि जोडाच्या रेघा स्पष्ट दिसत होत्या, म्हणून त्याने त्याही कडा धरल्या. पृष्ठं १६, शिरोबिंदू १६, कडा ३२. उरलं शून्य. दुसऱ्या गटाने जोडाच्या रेघा धरल्या नाहीत. पुढचं सगळं एक पृष्ठ, मागचं एक. पृष्ठं १०, शिरोबिंदू १६, कडा २४. उरले दोन. भांडण सुरू झालं. पहिला गट म्हणे, मधे भोक असलेलं पृष्ठ पृष्ठ कसलं, तसं असेल तर खोक्याच्या वेळीच सांगायचं होतं. दुसरा गट म्हणे, लाकूड एक, रंग एक, मग रेघ का मोजायची?

मी त्यांना सांगितलं की भोक असलेलं पृष्ठ चालवून घ्यायचं नाही असं ठरवलं तरच हिशेब चोख लागतो, आणि आरपार भोक पडलेल्या आकाराचं उत्तर तेव्हा शून्यच येतं. पहिला गट नाचला. दुसऱ्या गटातला एकजण मात्र खिडकीकडे बघत होता. तिच्या चौकटीत मधे एक उभी पट्टी आहे, म्हणजे दोन भोकं. ‘एका भोकानं दोनाचं शून्य झालं,’ तो म्हणाला, ‘मग दोन भोकांनी उणे दोन होईल का?’ सोमवारी चौकट मोजायचं ठरलं आहे. शिडी शिपाईमामा देणार आहेत.